म्हादेवरावांची मागची भिंत

माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की आधी चपला काढतो, रामराम करतो, मग बसतो. आमचे म्हादेवराव आधी भिंत हुंगायचे. चपला पायात तशाच, यजमानांनी पुढे केलेला पाण्याचा गडवा हवेत तसाच, आणि हे भिंतीला नाक लावून उभे. मग भिंतीवर तळहात ठेवायचे. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर नखानं जरा खरवडायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. खारट लागलं की घरमालकाकडे अशा नजरेनं पाहायचे, की त्या बिचाऱ्याला आपल्याला मोठं दुखणं झाल्यासारखं वाटावं.

"आतून ओली आहे," ते म्हणायचे. "वरून काय दिसते? हात घालून पाहा लागते."

हे हात घालणं त्यांच्या पोटापाण्याचं होतं. दिग्रसच्या एका जिनात कापसाची पारख करायला ते होते. कापसानं भरलेली बैलबंडी आवारात शिरली की हे बाही वर सारून खांद्यापर्यंत हात कापसात खुपसत, आतला मूठभर कापूस बाहेर काढून नाकाशी नेत आणि म्हणत, "वल्ला आहे." वजन वाढावं म्हणून कोणी आदल्या संध्याकाळी कापसावर पाणी मारलं असेल, तर तो शेतकरी तिथल्या तिथे मान खाली घालायचा. पण जिनाचं फाटक ओलांडलं की ही पारख तिथेच ठेवून यावी, हे म्हादेवरावांना कधी जमलं नाही. गावात पुढाऱ्याचं भाषण झालं, की हे म्हणत, "आतून ओलं आहे." आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले, तर त्यांच्याशी हस्तांदोलन करून आल्यावर मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. मी म्हटलं, "अहो, त्यांच्या हाताला घाम आला असेल." तर म्हणाले, "तेच तं सांगून राह्यलो!"

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. चहा उभ्यानं, जेवण अर्धं उभ्यानं. आमच्याकडे आले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत, आणि बोलणारा माणूस मान फिरवून फिरवून थकून जाई. माझी बायको म्हणायची, "भावजी, घडीभर टेका ना कुठं." ते भिंतीला टेकायचे, आणि टेकल्या टेकल्या भिंत तपासायला लागायचे.

मुलीच्या सोयरिकीसाठी ढाणकीला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. सुमन ही त्यांची एकुलती एक. मुलाकडच्या बैठकीत पन्नास माणसं, पोह्यांच्या बशा फिरतायत, आणि हे मुलाच्या आईदेखत माजघरात शिरले आणि तिथली भिंत चाटून आले. बाहेर येऊन म्हणाले, "जमलं. पोरगी दिली." मुलगा काय करतो हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ते परतीच्या एसटीत मी सांगितलं, की तो सोसायटीत कारकून आहे. विहीणबाई मात्र सगळं पाहत होत्या. सहा वारी नव्हे, चांगलं नऊ वारी नेसणारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई. आपल्या घराची भिंत कोणी चाटली, हे ती बाई जन्मभर विसरणार नव्हती.

या वेडाचं मूळ हसण्यासारखं नव्हतं. म्हादेवराव वर्षानुवर्षं बाजाराच्या मागे भाड्याच्या खोलीत राहिले. त्या खोलीच्या भिंतींवर बारा महिने हिरवट-काळा बुरा, म्हणजे बुरशी. पेटीतल्या लुगड्यांना बुरा, चपलांना बुरा, देवाच्या तसबिरींच्या आत बुरा. त्यांची बायको त्या खोलीत खोकत राहिली आणि एका पावसाळ्यात खोकतच गेली. डॉक्टरांनी काही वेगळंच नाव सांगितलं होतं. म्हादेवरावांनी ते ऐकून घेतलं, पण राग धरला तो भिंतीवर.

मग महाराष्ट्र नवा झाला त्या सुमारास त्यांनी घर विकत घ्यायचं काढलं. नवं बांधणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं. विकाऊ घर ते उन्हाळ्यात बघतच नसत. झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही, की हे पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन निघत. एका मालकानं ताजा चुना मारून ठेवला होता. "काल मारला ना? काहून मारला?" दुसऱ्यानं भरदुपारी उदबत्त्यांचा जुडगा लावला होता. तिथून हे दारातूनच फिरले. तिसऱ्याकडे भिंतीवर लक्ष्मीचं हे एवढं मोठं कॅलेंडर. म्हादेवरावांनी लक्ष्मीला नमस्कार केला, मग तिला खिळ्यावरून उचललं. मागे बुऱ्याचा नकाशा!

शेवटी आमच्या शेजारचं घर निघालं. भिंतीला भिंत लागून. मालकीण अमीना खाला, एकटी म्हातारी. तिला आता गल्लीच्या टोकाला भाच्याकडे राहायला जायचं होतं. म्हादेवराव आत शिरले, नाक पुढे करून. त्यांनी हात वर करण्याआधीच खाला म्हणाली, "भाऊ, वो पिछे की दिवाल गीली रहती. पयलेच बोलती मैं. बादमें बोलू नको."

म्हादेवरावांचा हात तसाच खाली आला. इतक्या घरांत त्यांना खरं सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. त्यांनी ती ओली भिंत ओली म्हणूनच विकत घेतली. मी डोक्याला हात लावला.

पुढचं वर्षभर आमच्या गल्लीला करमणुकीची वाण पडली नाही. मागच्या खोलीची ती भिंत म्हादेवरावांनी किती वेळा खरडली, याला सुमार नाही. चुना झाला. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी झाली. ती आमच्या घरात शिरली आणि माझ्या वह्या तपासून व्हायच्या राहिल्या. जिनात जायच्या आधी भिंतीला हात, आल्यावर हात. दोन दिवस कोरडी वाटे, तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला पुन्हा बुरा.

तशात सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. म्हादेवराव आनंदानं आमच्या घरात इतके फिरले की सारवलेल्या जमिनीवर वाट पडली. आणि ढाणकीहून विहीणबाईंचा निरोप आला: घरात बाई माणूस नाही, भिंतीला बुरा आहे असं ऐकतो, मी स्वतः येऊन घर पाहीन, मगच सून पाठवीन.

आता म्हादेवरावांनी शेवटचा उपाय काढला. मातीच्या गिलाव्यात लोक कुटार, म्हणजे भुसा, कालवतात. यांनी कुटाराऐवजी जिनातला कापसाचा झाडलेला कचरा पोतीच्या पोती आणला. "मास्तर, कापूस पानी पेते का नाही? मंग? भिंतीतलं सारं पानी पेऊन घेईल." मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. गल्लीतही सगळ्यांना पटलं. आतून बाहेरून नवा गिलावा झाला. पांढुरका, मऊ, दिसायला सुरेख. म्हादेवराव त्याच्याकडे पाहत एकदा चक्क चौकटीवर टेकले.

आमच्यात शेतकरी होते, व्यापारी होते, आणि म्हादेवरावांचा तर जन्म कापसात गेलेला. पण त्या कचऱ्यात सरकी असते, आणि ओल्या मातीत पडलेली सरकी उगवते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

विहीणबाई पोळ्यानंतर आल्या. मागच्या खोलीचं दार म्हादेवरावांनी मोठ्या तोऱ्यात उघडलं. हंगामाआधी जिनात साफसफाईचं जास्तीचं काम लागल्यानं तीन-चार दिवस ते त्या खोलीत फिरकले नव्हते. भिंत उगवून आली होती. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत पऱ्हाटीचे कोवळे, फिकट कोंभ. दोन-दोन पानं, आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या.

मग विहीणबाई सावकाश पुढे झाल्या. एक कोंभ उपटला. भिंतीला नाक लावलं. तळहात ठेवला. नखानं खरवडलं, आणि म्हादेवरावांच्या डोळ्यांत पाहत ते बोट जिभेला लावलं.

"इवाई," त्या म्हणाल्या, "माह्या सुनेले बाळंतपनाले बोलावता का पऱ्हाटी निंदाले?"

दाराबाहेर जमलेली गल्ली हसण्यानं फुटली. मीही हसलो. पण म्हादेवरावांचं तोंड पाहिलं आणि माझं हसू जागीच जिरलं. विहीणबाईंनी पिशवी उचलली होती. सुमन येणार नव्हती.

त्यांच्या एसटीला अवकाश होता, म्हणून माझ्या बायकोनं त्यांना आमच्याकडे चहाला बसवलं. मी म्हादेवरावांना शोधत मागे परसात गेलो. ते त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उभे होते. भिंतीच्या बुडाशी मेंदीचं जुनं, दाट झाड. अमीना खाला बादलीतलं पाणी त्याच्या मुळाशी ओतून, पदर सावरत मागच्या फाटकातून जात होती. मेंदीभोवतीची माती भिंतीच्या पायापर्यंत चिप्प झालेली. खाला रोज सकाळ-दुपार येते हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी पाण्याकडून भिंतीकडे पाहिलं.

"म्हादेवराव!" मी ओरडलोच. "अहो, सगळी ओल इथली आहे! खालाला सांगा, पाणी बंद कर. दिवाळीपर्यंत भिंत ठणठणीत होईल. विहीणबाईंना मी थांबवतो."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले पयल्या दिवसापासून मालूम आहे, मास्तर."

"मग वर्षभर भिंत कशाला खरडलीत?"

ते दोन पावलं इकडे गेले, दोन तिकडे. "हे झाड खालानं आपल्या पोरीच्या, जैनबच्या, लग्नासाठी लावलं होतं. लग्न झालं, जावई तिले घेऊन कराचीले गेला. आता ते काही येत नाही. चिठ्ठीबी येत नाही. म्हातारी पानी टाकते अन् दोन गोष्टी करते झाडासंगं. म्या आयकलं आहे." ते मेंदीपाशी थांबले. "माही पोरगी ढाणकीले आहे. एसटीत बसलो का संध्याकाळच्या आत तिचं तोंड पाहून घेतो. खालाले कोन्त्या तोंडानं सांगू, का पानी टाकू नको?"

या माणसाला मी वर्षभर हसत आलो होतो, आणि गल्लीला हसवतही आलो होतो. मागे वळलो तर आमच्या परसदारात माझी बायको उभी, आणि तिच्यामागे हातात कपबशी घेतलेल्या विहीणबाई. किती ऐकलं कोण जाणे. त्या आत गेल्या, कपबशी ठेवली आणि आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर तळहात ठेवला. मग वाकून हुंगलं.

"हे कोरडी आहे," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "इथं बाज टाकता येईन काय, बाई?"

"कायले नाही येनार?" माझी बायको म्हणाली. "अन् बाई मानूस पाह्यजे तं मी आहे. खालाबी आहे."

सुमन आमच्याकडे आली. मुलगी झाली. आणि म्हादेवरावांची खरी पंचाईत तिथून सुरू झाली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष माणसानं शिरायचं नाही. शेक असतो, न्हाणं असतं, अंगाला तेल असतं. हे दर थोड्या वेळानं आमच्या ओट्यावर हजर. "वयनी, हळद आहे ना? लाकडं आहेत ना? वयनी, भिंत पाहू काय एक खेप?" माझी बायको त्यांना हाकलून हाकलून दमली. शेवटी खालानं दटावलं, "भाऊ, जाओ ना घरकू! बच्ची को सोने दो."

त्यानंतर ते आलेच नाहीत. दुपार झाली तरी ओट्यावर पावलं वाजेनात, तेव्हा मलाच चैन पडेना. राग आला की काय म्हणून मी त्यांच्या घरात गेलो.

म्हादेवराव जमिनीवर बसले होते. मांडी घालून, नीट बसलेले असे मी त्यांना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. आमच्या मधल्या खोलीला लागून असलेल्या भिंतीला त्यांनी तळहात लावला होता, गाल लावला होता, आणि डोळे मिटले होते.

"काय म्हादेवराव," मी म्हटलं, "कोरडी आहे ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसरा हात तेवढा वर केला.

"हळू बोला, मास्तर," ते म्हणाले. "रडून रडून आताच निजली."