पशुवैद्यकीच्या जागेबाबत भोईर कुटुंबाचा ठराव

जनावरांची सेवा हे मोठं पुण्यकर्म आहे. मात्र ते दुसऱ्याच्या मुलांनी करावं, असं सुज्ञ घरांतून मानलं जातं.

बाळकुमच्या पोपटशेठ भोईरांचं घर सुज्ञ होतं. त्यांच्या संचिताला पशुवैद्यकीच्या पदवीला जागा मिळाली होती आणि ती घेतो की सोडतो, हे संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन कळवायचं होतं. पोपटशेठ पडले पुरोगामी. असा निर्णय एकट्यानं घेणं त्यांना हुकूमशाहीचं वाटे, म्हणून तीन वाजता त्यांनी नऊ नातेवाईक जमवले. (पैकी दहावी पास पाच.)

पहिला आक्षेप रंगूआत्यांचा. "म्हशी इकल्या, गोठ्याच्या जागेव टावर झाला, न् आता पोर परत म्हशींच्या मागं?"

प्रश्न बिनतोड होता. टॉवरमध्ये एकही म्हैस नाही, याची सर्वांनी खिडकीतून पाहून खात्री करून घेतली.

मग इतर पर्याय निघाले. पुतण्या प्रीतम कोपरीत कुत्र्यांचे केस कापतो. त्याच्या मते त्या धंद्यात इज्जत आहे, कारण दुकानाला एसी आहे. कुत्र्यांचा समुपदेशक हा पर्याय मात्र काळुरामकाकांना पटेना.

"कुत्र्याला कसलं टेन्शन रे?"

"काका, एकविसाव्या मजल्यावर राहतो तो. लिफ्ट येईपर्यंत धरून ठेवायचं, खायचं काम आहे का?"

काकांना ते लगेच पटलं. ते स्वतः चोविसाव्या मजल्यावर राहतात.

मांजरांचा आहारतज्ज्ञ हाही विचार झाला. (पेशंट सल्ला ऐकत नाही, पण ते माणसांचंही तसंच आहे.) शेवटी कोणीतरी सरकारी पशुधन अधिकाऱ्याचं नाव काढलं आणि बैठकीत जान आली. जीप, शिपाई, क्वार्टर! सरकारी नोकरी एकमतानं मंजूर झाली. तिला लागणारी पदवी सात विरुद्ध दोन मतांनी नामंजूर झाली. (पोपटशेठ अध्यक्ष असल्यानं तटस्थ. संचिताला अठरा पूर्ण नसल्यानं मत नाही.) त्याऐवजी तिनं दातांची डॉक्टर व्हावं असं ठरलं. दात जनावरांनाही असतात, पण पाटीवर ते लिहावं लागत नाही.

पावणेपाचला पोपटशेठनी जागा सोडल्याचं बटण दाबलं. मग मोबाइल खाली ठेवून ते संचिताकडे वळले.

"खूश ना गं, बाय?"

"हो पप्पा," संचिता म्हणाली आणि चहाचे कप उचलायला लागली.

पोरगी एका शब्दानं उलटून बोलली नाही, असं ते पुढे महिनाभर कौतुकानं सांगत होते.

तिला स्वतःला काय हवं होतं, हे बैठकीत कोणीच विचारलं नाही. पण त्या नऊ जणांना नावं ठेवण्याआधी एक सांगा. कुत्रा, मांजर, लिफ्ट सगळं तुम्ही हसत हसत वाचलंत, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला तरी कुठे पडला होता?