मोचाची बैठक व्यवस्था

माणूस कुठेही बसू शकतो, मांजराचं तसं नाही. हे सत्य जगाला फार उशिरा उमगलं आणि वाकड उपनगराला त्याहून उशिरा. पण एकदा उमगल्यावर वाकडने वेळ दवडला नाही.

अकराव्या मजल्यावरच्या कड कुटुंबाच्या घरात ते उमगलं मोचामुळे. मोचा म्हणजे करड्या रंगाचा, दोन वर्षांचा बोका. दवाखान्याच्या कार्डावर 'मोचा अजिंक्य कड' असं त्याचं पूर्ण नाव आहे. (कड मूळचे चाकणजवळच्या वाडीचे. त्या वाडीत मांजरांना नावं नसायची, कामं असायची.) तर हा मोचा दिवसातले सोळा तास झोपतो, हे एकदा पुनमच्या, म्हणजे अजिंक्यच्या बायकोच्या लक्षात आलं आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला. पिंपळे सौदागरहून मार्जार-वर्तन सल्लागार बोलावण्यात आले. त्यांनी बावीस पानी अहवाल दिला. मोचा कंटाळलेला आहे, कारण घरात त्याला चढायला उंची नाही, लपायला आडोसा नाही, शिकारीला काही नाही आणि सकाळचं कोवळं ऊन तर अजिबात नाही. (निरोगी मांजर सोळा तासच झोपतं, ही माहिती परिशिष्टात होती.)

घरात ऊन एकाच खिडकीतून येतं. तिथे अण्णांची खुर्ची होती.

अण्णा म्हणजे अजिंक्यचे वडील. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर अठ्ठावीस वर्षं उभे राहिलेले. उभे म्हणजे खरोखरच उभे, कारण लाइनवर बसायला मनाई होती. निवृत्तीच्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी त्यांना लोखंडी पाइपची खुर्ची वेल्ड करून दिली, तिला नायलॉनच्या पट्ट्या विणल्या, पाठीवर वेल्डिंगनेच ठसठशीत अक्षरांत त्यांचं नाव काढलं आणि म्हणाले, "बसा आता." एवढ्या दोन शब्दांवर अण्णा सगळ्या डिपार्टमेंटसमोर रडले होते. तेव्हापासून रोज साडेसात ते साडेनऊ ते त्या खुर्चीत गुडघ्यांवर ऊन घेत बसायचे. मोचा मांडीवर येऊन पडायचा, त्याला ते हाकलत नसत. आयुष्याकडून त्यांना आता तेवढं ऊन हवं होतं, बाकी काही नाही.

अजिंक्यही चाकणलाच कंपनीत आहे, पण तो उभा राहत नाही, उभं करतो. क्वालिटीत साहेब आहे. लाइनवर कुठून कुठून उरलेली सहा स्टुलं त्याने गेल्या वर्षी हुडकून काढली आणि भंगारात दिली. ही सुधारणा इतकी मोलाची ठरली, की तिचं प्रमाणपत्र हॉलमध्ये चौकटीत लावलं आहे. अशा माणसाने मांजराच्या बसण्याचा प्रश्न हाती घेतल्यावर तो अर्धवट राहणं शक्य नव्हतं.

महिन्याभरात घरात पुढील सोयी झाल्या: काथ्या गुंडाळलेलं सात मजली झाड. भिंतीवर पाच फळ्या. छताखालून एक पूल. खिडकीच्या काचेला चिकटणारी झोळी. पाण्याचं कारंजं, कारण साचलेलं पाणी पाहून मांजर खचतं. पंजाने एकेक दाणा काढून खायची पेटी. टीव्हीवर रोज दोन तास चिमण्या. (खऱ्या चिमण्या येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी होतीच.) मोचाच्या मंजूर बसण्याच्या जागा एकूण चौदा झाल्या. अण्णांची एक होती आणि तीच आड येत होती.

कंपनीत नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात. तिची गरज कुणी सिद्ध केली नाही, तर वस्तू उचलतात. एका रविवारी अजिंक्यने ही पद्धत घराला लावली. चिठ्ठी खुर्चीच्या पाठीवर चिकटवली, नेमकी नावावर, कारण रुंद जागा तेवढीच होती. रकानेही नीट भरले. वस्तू: जुनी खुर्ची. उपयोग: फक्त बसणे. शेरा: मोचाच्या उन्हात अडथळा.

"ऱ्हाऊ दे रं," अण्णा म्हणाले. "गुडघ्याला ऊन लागतंय."

"अण्णा, तुम्ही समजून घेऊ शकता," अजिंक्य म्हणाला. "त्याला बोलता येत नाही."

बोलता येण्याचा तोटा अण्णांना साठीनंतर कळला.

अहवालात अकराव्या पानावर एक सूचना होती. मांजराची कोणतीही वस्तू एकदम हलवू नये. रोज वीतभर सरकवावी, नाहीतर त्याच्या मनाला धक्का बसतो. अण्णांना नाश्ता आणि जेवणाच्या मधल्या वेळात हलवण्यात आलं. खुर्ची खाली पार्किंगमध्ये गेली, अण्णा मागच्या खोलीत. तिथली खिडकी डक्टमध्ये उघडते आणि तिच्यातून अकरा मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. अण्णा पलंगावर बसून गुडघे चोळत. त्यांना राग आला होता, फार आला होता, पण मुलाच्या घरात तो ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना. (बाहेर ठेवला असता तर त्यालाही चिठ्ठी लागली असती.)

पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी अशा. मोचा झाडावर चढला: शून्य वेळा. पुलावर गेला: एकदा, पुनमने उचलून ठेवला तेव्हा. झोळीत बसला: एकदा, ती सुटून पडेपर्यंत. झाड ज्या खोक्यातून आलं त्या खोक्यात बसला: नऊ वेळा. उरलेला वेळ, खुर्ची जिथे होती तिथल्या फरशीवर बसून तो ओरडत होता. सोळाव्या दिवशी त्याने खाणं सोडलं.

घरावर आभाळ कोसळलं. पुनमने सुट्टी टाकली. सल्लागार पुन्हा आले. अजिंक्यने क्वालिटीतलं शेवटचं हत्यार काढलं. प्रत्येक उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारायचा. पाचव्या प्रश्नाला मूळ कारण सापडतंच. मोचा खात का नाही? उदास आहे. उदास का? बसायची जागा गेली. चौदा असताना कोणती गेली? खुर्ची. खुर्चीत असं काय होतं? ऊब होती. ऊब कशामुळे होती?

इथे तिघांनीही मागच्या खोलीकडे पाहिलं.

तासाभरात खुर्ची वर आली आणि अण्णा बाहेर. मोचाने त्यांच्या मांडीवर उडी मारली आणि पुनमच्या हातून पोटभर खाल्लं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं, मग ते मांजर का असेना.

अहवालात दुरुस्ती झाली. बसण्याच्या जागांच्या यादीत पंधरावी नोंद आली: 'आजोबा, एक नग, ऊब देणारे.' (नातं मोचाकडून धरलं आहे.) वापराचे नियमही ठरले. आजोबांनी सकाळी साडेसातला बसावं. मोचा झोपला असताना हलू नये. खोकला आल्यास आवरावा. मोचा उठल्यावर उठावं.

मोचा सोळा तास झोपतो, हे वर आलंच आहे.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता खिडकीतलं ऊन निघून गेलं. अण्णांच्या गुडघ्यांतून कळा येत होत्या. पुनम घरून काम करत होती. अण्णांनी हळूच विचारलं, "पुनम, जरा उठू का गं?"

पुनमने ओठांवर बोट ठेवलं आणि फोटो काढला. अठ्ठावीस वर्षं ज्याला बसायची परवानगी नव्हती, त्याला आता उठायची नव्हती. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि त्याला त्रेपन्न बदाम मिळाले. मोचा त्यात पूर्ण आला आहे, अण्णा कमरेपासून गुडघ्यांपर्यंत.

खुर्चीवरची लाल चिठ्ठी काढून त्याच जागी आता हिरवी लावली आहे: 'मोचाची जागा. हलवू नये.' तिच्याखाली मेंटेनन्सवाल्यांनी वेल्डिंगने काढलेलं अण्णांचं नाव आहे. ते काय आहे, हे आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. मांजराचं मात्र तुम्हाला आडनावासकट सांगता येईल.