सदस्याने आपल्या फोटोसारखे दिसावे

कोलशेतच्या सॉल्ट व्हॅली सोसायटीत गेल्या दिवाळीनंतर चेहरा ओळखणारं गेट बसवण्यात आलं. सोसायटीचा सचिव या नात्याने या प्रकरणाची हकिगत लिहिणं मला भाग आहे, कारण बाहेर फार विपर्यस्त बोललं जातंय. मी, विश्राम साटम, जे घडलं तेवढंच लिहीन.

गेटला प्रत्येक सदस्याचा फोटो लागणार होता. कंत्राटदार म्हणाला, "माझा माणूस येईल, आहेत तसे फोटो काढून नेईल." आहेत तसे, हे शब्द कमिटीला रुचले नाहीत. अध्यक्ष उत्तमराव म्हणाले, "कायमचे फोटो आहेत हो. जरा बरे निघू देत." म्हणून डोंबिवलीहून ऋतुराजला बोलावलं. तो लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढतो. त्याच्या हातून फोटो काढून घेतलेली मुलगी उन्हाळ्याच्या आत खपते, असा त्याचा लौकिक आहे.

ऋतुराजने आमच्यासाठी वेगळं काही केलं नाही. रोज जे करतो तेच केलं. रंग दोन छटा उजळ, हनुवटी एकच, नाक थोडं सरळ, डोळ्यांखाली काहीही नाही. माझं कपाळ त्याने चार बोटं खाली आणलं, म्हणजे माझ्या लग्नात ते जिथे होतं तिथे. मग प्रत्येकाला फोटो दाखवून फॉर्मवर सही घेतली: 'वरील छायाचित्रातील व्यक्ती मीच असून ते मला मान्य आहे.' सगळ्यांनी आनंदाने सही केली. कित्येकांनी जास्तीची प्रत मागून घेतली.

अडल्या त्या एकट्या आवडाबाई. आमच्या तिन्ही इमारती उभ्या आहेत ते पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला. फोटो हातभर लांब धरून त्या म्हणाल्या, "ही बाय मी नाय."

"तुम्हीच आहात, आवडाबाई. जरा नीट काढलंय इतकंच."

"मंग माजा तोंड काय वाकडा हाय?"

हा केवळ एक सोपस्कार आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी सही केली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गेटने कुणालाच ओळखलं नाही. कामावरून आलेल्या माणसांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मी कंत्राटदाराला फोन केला. त्याने तपासणी करून सांगितलं, "साहेब, मशीन एकदम ओके आहे. फोटोतली माणसं अजून आलीच नाहीत."

कमिटीने शांतपणे विचार केला. मशीन बरोबर होतं. फोटो बरोबर होते, कारण सदस्यांनी ते लेखी मान्य केले होते. चूक व्हायला आता फक्त चेहरे उरत होते. त्याच आठवड्यात नोटीस लागली: 'सदस्यांनी प्रवेशसमयी आपल्या मान्यताप्राप्त छायाचित्राशी सुसंगत दिसावे.' अडचण होऊ नये म्हणून वॉचमनच्या केबिनशेजारी टेबल, आरसा आणि पार्लरवाली करिश्मा यांची व्यवस्था केली. ती फोटो समोर ठेवून पाच मिनिटांत माणूस सुसंगत करून देई.

सदस्यांनी फार छान सहकार्य केलं, हे मुद्दाम नोंदवतो. जिममध्ये जागा मिळेना. उत्तमराव माजिवड्याला जाऊन हनुवटीवर उपचार घेऊन आले. गेट किती सेकंदांत उघडतं यावरून माणसाची पत ठरू लागली. नवव्या मजल्यावरच्या क्षिप्राला बघायला आलेली मंडळी आत आलीच नाहीत. गेटबाहेर उभी राहून त्यांनी तिला दोनदा आत-बाहेर करायला लावलं, घड्याळ लावलं आणि अकरा सेकंद जास्त वाटतात असं कळवून निघून गेली.

आवडाबाई मात्र करिश्माच्या टेबलाशी बसेनात. "तोंडाला पीठ फासून मी माज्या घरान जावाची नाय," म्हणाल्या. सोसायटी निर्दय नाही. ज्याला मशीन ओळखत नाही तो पाहुणा, अशी तरतूद नियमात होतीच. दुसऱ्या दिवसापासून त्या पाहुण्या म्हणून येऊ लागल्या.

"कुणाकडे?" वॉचमन पंढरी रजिस्टर उघडून विचारी.

"माज्याकडं."

"नाव सांगा, मावशी. मला लिहावं लागतं."

"आवडाबाई. तिसरा माला."

पंढरी बटण दाबी. आवडाबाईंच्या कमरेच्या पिशवीतला मोबाइल वाजे. आपल्याकडे पाहुणे आले आहेत, आत सोडायचे का? आवडाबाई होय म्हणत आणि स्वतःकडे जात. पण पाहुण्याला वर्षात तीसच दिवस राहता येतं. एकतिसाव्या दिवशी पंढरीने त्यांना थांबवलं. तो बिचारा नोकरीचा माणूस. भाजीची पिशवी पायाशी ठेवून आवडाबाई तासभर उभ्या राहिल्या आणि मग मुकाट्याने करिश्मासमोर बसल्या. गेट चार सेकंदांत उघडलं. पंढरीने टाळी वाजवली.

पुढचं मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं. आवडाबाईंचे यजमान धोंडिबा यांना विसरण्याचा आजार आहे. दारात उभ्या राहिलेल्या बाईकडे त्यांनी घाबरून पाहिलं.

"कोन पायजे? आवडा घरान नाय."

"मीच हाय."

"तू नाय. आवडाला बोलव."

हातातलं भांडं त्यांनी भिंतीवर फेकलं. आवडाबाईंनी मोरीत जाऊन तोंड धुतलं, तेव्हा कुठे ते जेवायला बसले. गेटपासून दारापर्यंत तोंड धुवायची सोय नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते दार आतून लावून बसले आणि कुलूपवाल्याला आणावं लागलं.

आवडाबाईंनी अर्ज दिला: आहे तसा फोटो लावा. मी कंत्राटदाराशी बोललो. एकाचा बदलायची सोय करारात नव्हती. बदलायचे तर सगळ्यांचे, पुन्हा, आहेत तसे. खर्चही तोच सोसणार होता. म्हणून क्लब हाउसमध्ये सर्वसाधारण सभा बोलावली. सभा भरगच्च होती आणि सगळे फार सुरेख दिसत होते.

आवडाबाई धुतल्या तोंडाने आल्या होत्या. काळ्या, सुरकुतलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या म्हणाल्या, "माजा घरवाला सगल्यांना इसरला. पोराला इसरला. फकस्त माजा तोंड वलखतो. तवरा तोंड मना ठेवू द्या."

मी लपवत नाही, मला माझी आई आठवली. ज्यांना फोटो पुन्हा काढणं मान्य आहे त्यांनी हात वर करावा, असं मीच म्हणालो आणि माझा हात वर जाऊ लागला. तो खांद्यापर्यंत आला असेल. तेवढ्यात शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, कपाळ परत वर जाईल."

तो हात मी डोक्यावरून फिरवला आणि खाली घेतला.

सभागृहात एकच हात वर राहिला. बराच वेळ राहिला. शेवटी उत्तमरावांनी त्यांना बसायची विनंती केली. इतिवृत्तात मी लिहिलं आहे की सभेने आवडाबाईंबद्दल तीव्र सहानुभूती व्यक्त केली. ते खरं आहे. बायका रडल्या, करिश्माला त्या दिवशी जादा काम पडलं.

त्यानंतर तक्रार आलेली नाही. आवडाबाई घराबाहेर पडतच नाहीत. भाजी, औषधं पंढरी वर नेऊन देतो. संध्याकाळी त्या गॅलरीत धोंडिबांना घास भरवताना दिसतात. ते त्यांच्या तोंडाकडे बघत जेवतात. मी मान खाली घालून गेटकडे जातो. मला हल्ली सहा सेकंद लागतात.

एवढं वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल आणि आपण त्या सभेत असतो तर हात वर केला असता, असं वाटत असेल. सोसायटी हरकतींचं स्वागत करते. पत्र सचिवांच्या नावे पाठवा आणि ओळख पटावी म्हणून सोबत आपला एक फोटो जोडा. घाई करू नका. आठ-दहा काढा, नीट बघा, त्यातला आवडेल तो निवडून पाठवा. तोवर आम्ही थांबतो.