महादअप्पांचे पंचनामे

आमच्या ऑफिसात प्रोग्राम कोसळला की बाकीचे कपाळाला हात लावतात आणि आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रामर महादअप्पा खुर्ची पुढं ओढतात. "कुणी हात लावू नका," म्हणतात. "आधी पंचनामा."

कळंबला माझं छोटं ऑफिस आहे. दूध संकलन केंद्रांवर वजन आणि फॅट नोंदवणारा प्रोग्राम आम्ही बनवतो. त्याची चाचणी आपोआप चालते. कोसळताना प्रोग्रामच्या पोटात काय चाललं होतं, ते एका फाईलीत उतरतं. तिला क्रॅश डम्प म्हणतात. पुढची फेरी सुरू झाली की जुने डम्प पुसले जातात. अप्पांच्या मते हे म्हणजे न बघताच मयत उरकणं. म्हणून पुसण्याआधी प्रत्येक डम्प बाजूला निघेल अशी सोय त्यांनी करून ठेवली, वर प्रत्येकाला स्वतःचा शेरा: 'मंगळवार. वजन घेताना अचानक गेला.' डिस्क भरली की मी ओरडायचो, आणि अप्पा शांतपणे पिशवीतून नवी डिस्क काढायचे. साठीला टेकलेल्या माणसाशी किती हुज्जत घालणार?

गेल्या महिन्यात शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका केंद्रावर ऐन सकाळच्या दुधाला प्रोग्राम बंद पडला. रांगेतल्या शिव्या मला फोनवर ऐकू येत होत्या. शेवटचा बदल शाहीननं केलेला. ती आमच्याकडं जेमतेम वर्षभर असलेली प्रोग्रामर. सगळ्यांनी तिच्यावर खापर फोडलं, मीही. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर काम सोडा, असं तिला सांगून बसलो. ती टेबल आवरू लागली.

शनिवारी दुपारी अप्पा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसले. दोन वर्षांपूर्वीचा डम्प होता. तेव्हा शाहीन इथं नव्हतीच. आता केंद्रावर ज्या ओळीवर प्रोग्राम पडला, त्याच ओळीवर तो तेव्हाही पडला होता, आणि ती ओळ खुद्द अप्पांनी लिहिलेली होती.

"अप्पा, हे कधी सापडलं?"

"बुधवारी. तीन दिस नुस्तं बघत बसलो. फाईल पुसून टाकावी वाटली व्हती, साहेब. इथनं काढलं तर मी जाऊ कुठं? घरी कोण हाय माझं?"

मला माझीच लाज वाटली. शाहीनची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. अप्पांना म्हणालो, सोमवारी दहाला या, ती ओळ तुम्हीच दुरुस्त करायची.

सोमवारी मी साडेनऊला पोचलो. अप्पा कुलूप लावलेल्या दारापाशी उभे होते. शेजारचा चहावाला म्हणाला, आठपासून उभे आहेत.