ऑरिनचा डावा पाय

"बोटीतून पाण्यात पडायला अक्कल लागत नाही. न पडायला लागते!"

हे वाक्य ऑरिन थॅचर टर्नस्टोन खाडीच्या बोट क्लबात कित्येक वर्षं ऐकवत आला होता. ऐकणारे बदलत, वाक्य तेच. आणि तसं बोलायचा त्याला हक्कही होता म्हणा! ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कोणीही शीड उभारतं. ही मंडळी मात्र नोव्हेंबर ते मार्च, दर रविवारी, न्हाणीतल्या टबाएवढ्या एकट्याच्या बोटी घेऊन शर्यती लावत. दोरांवर बर्फ धरायचा, मिशांवर बर्फ धरायचा. पाणी तर असं, की हात बुडवला तर मिनिटभरात बोटं आपली की शेजाऱ्याची ते कळू नये! तिथे ऑरिन एकतीस हिवाळे खेळला आणि एकदाही पडला नव्हता.

त्याची बायको विनी दर रविवारी त्याच्याबरोबर येई आणि वर गाडीतच बसून राही. हीटर चालू, मांडीवर वर्तमानपत्र.

"शब्दकोडं सोडवते ती," ऑरिन सगळ्यांना सांगे. "बोटींचं तिला काहीच नाही."

ऑक्टोबरात त्याला सत्तर पूर्ण झाली. क्लबात केक कापला गेला, तेव्हा विनी हळूच म्हणाली, "ऑरिन, आता पुरे की रे. कधी थांबणार?"

हे तिने घरी विचारलं असतं तर त्याने सरळ उत्तर दिलं असतं. चारचौघांत विचारल्यावर त्याला चेव चढला. तो खुर्चीवर उभा राहून गरजला, "ज्या दिवशी बोटीतून पाण्यात पडेन, त्या दिवशी थांबेन! कायमचा!"

शर्यतप्रमुख फ्लेचर ब्राउनेल हा धंद्याने दातांचा डॉक्टर, त्यामुळे माणसाने तोंड उघडलं की संधी सोडायची नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने ते वाक्य कागदी रुमालावर उतरवलं, खाली ऑरिनची सही घेतली आणि रुमाल नोटीस बोर्डावर टाचून टाकला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वारा सुरीसारखा होता. ऑरिनने दिवसाची शेवटची शर्यत जिंकली आणि ऐटीत बोट धक्क्याला आणून लावली. अंगावर पाणी आत न शिरणारा रबरी पोशाख होता, पण जिंकल्याच्या उकाड्यात त्याने छातीवरची चेन बेंबीपर्यंत उघडली होती. उजवा पाय धक्क्यावर टेकला, डावा अजून बोटीत. तेवढ्यात मागून हेस्टर लव्हरिंगचा आवाज आला. हेस्टर त्याच्याच वयाची, अकरा हिवाळे त्याच्या मागे दुसरी येणारी.

"म्हाताऱ्या, वारा फिरला म्हणून वाचलास!"

उत्तर म्हणून ऑरिनने मागे वळून टोपी उंचावली. अगदी राजासारखी! आणि बोट सरकायला लागली. आधी वीतभर, मग हातभर. ऑरिनचे पाय भूमितीच्या पेटीतल्या कर्कटकासारखे फाकत गेले. टोपी वरच. मग धबाक्!

उघड्या चेनमधून खाडी आत शिरली. चौघांनी लांब दांड्यांच्या आकड्यांनी ओढून त्याला धक्क्यावर घेतलं, तेव्हा पोशाखाच्या पायांत एवढं पाणी भरलं होतं की तो हत्तीच्या पिलासारखा दिसत होता. पहिली घोंगडी खांद्यावर पडली ती विनीची. गाडीतून ती इतक्या लवकर कशी आली, हा प्रश्न त्या घटकेला त्याला सुचला नाही. त्याचे दात वाजत होते आणि त्या वाजणाऱ्या दातांतून तो सांगत होता, "हे ध-ध-धरायचं नाही! मी ध-धक्क्यावरून पडलो!"

"बोटीतून पडलास!" हेस्टर ओरडली आणि आक्षेपाचं लाल निशाण तिने तिथल्या तिथे फडकवलं.

आता निशाण फडकलं म्हणजे सुनावणी आलीच. तासाभरात ऑरिन क्लबात कोरड्या कपड्यांत, शिंपल्यांच्या सुपाचा वाडगा धरून बसला. फ्लेचर मेजामागे गेला आणि तिथे पोचताच त्याची भाषा बदलली.

"थॅचर, तुम्ही बसा. लव्हरिंगबाई, तुमचा आक्षेप सांगा."

"बाई कोणाला म्हणतोस रे?" हेस्टर म्हणाली. "डावा पाय बोटीत होता. रुमालावर काय लिहिलंय? बोटीतून पडेन!"

"वजन उजव्या पायावर होतं!" ऑरिन म्हणाला. "वजन जिथे, माणूस तिथे!"

वजन कुठे होतं ते ठरवायला फ्लेचरने प्रयोग करायचं काढलं. बाक म्हणजे धक्का, कार्यालयातली चाकांची खुर्ची म्हणजे बोट. एक पाय बाकावर, एक खुर्चीवर ठेवून तो म्हणाला, "आता मी टोपी उंचावतो." खुर्ची निघाली. फ्लेचर फाकत गेला, पँट टरकन फाटली आणि शर्यतप्रमुख सुपाच्या पातेल्यासकट जमिनीवर आले!

"बाकावरून पडलास की खुर्चीवरून?" हेस्टरने विचारलं.

"मला काय ठाऊक!" फ्लेचर खालूनच कण्हला. कानात बटाट्याची फोड होती.

तेव्हा दाराशी उभी असलेली विनी पुढे आली.

"मी पाहिलंय. दोन्ही पाय धक्क्यावर होते."

"तू?" ऑरिन म्हणाला. "तू तर गाडीत होतीस. गाडीतून धक्का दिसत नाही."

"मी गाडीत नसते. शिडांच्या कोठारामागे असते, दुर्बीण घेऊन."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"आणि शब्दकोडं?"

"ते मी सोमवारी सोडवते," विनी म्हणाली. "रविवारी मी शिडं मोजते. अठरा असली की श्वास सोडते. सतरा झाली की आधी तुझा नंबर शोधते."

ऑरिनने वाडगा खाली ठेवला. एकतीस हिवाळे! तो इथे ऊब घेऊन निघायचा आणि गाडीत बसताना तिला म्हणायचा, "तुझं बरं असतं, उबेत." आणि ती म्हणायची, "हो ना."

तिला तो थांबायला हवा होता. एका शब्दात थांबला असता. आणि तोच शब्द तिने गिळला होता, सगळ्यांसमोर खोटं बोलून.

पाण्यात पडला तेव्हाचं एक त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. दोर हाताशी आला होता, त्याने तो धरायला हातही घातला होता, पण बोटं मिटलीच नाहीत. आपल्याच हाताकडे तो परक्यासारखा बघत राहिला होता.

"फ्लेचर," तो म्हणाला, "लिहून घे. डावा पाय बोटीत होता."

"पण तुमच्याच बाजूची साक्ष आहे की—"

"साक्ष चुकीची आहे. पाय माझा आहे."

"मी आक्षेप मागे घेते!" हेस्टर एकदम उठली. तिचा चेहरा उतरला होता. "अरे, तू नसलास तर मी हरवू कोणाला?"

"मागे घेता येणार नाही," फाटकी पँट सावरत फ्लेचर म्हणाला. "निकाल देतो. थॅचर बोटीतून पडले." आणि मग मेज विसरून, "ऑरिन, लेका, बरं वाटत नाही रे हे लिहायला."

घरी जाताना ऑरिनने एवढंच विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझं तोंड बघवेना," विनी म्हणाली. आणि तिने काच पुसली.

पुढच्या रविवारी तो तिच्याबरोबर कोठारामागे उभा राहिला. बोचरा वारा थेट तोंडावर येत होता. समोर सतरा शिडं होती आणि आज सतराच असायला हवी होती. मध्येच एक आडवं झालं, तसा ऑरिनने विनीचा दंड घट्ट धरला. हेस्टर असेल का? नव्हती. शीड परत उभं राहिलं. एवढंच, पण विनीचा दंड त्याने अजून सोडला नव्हता. त्याला वाटलं, विनीची माफी मागावी. शब्द जुळवायला त्याला दोन मिनिटं लागली असती.

पण त्याआधी हेस्टरने वळण चुकवलं.

"अगं, आत घे! आत! वाऱ्याबरोबर वाहत कुठे चाललीयस! विनी, बघितलंस? आणि हा मूर्ख बघ, शीड केवढं सैल! ओढ ना रे! दे ती दुर्बीण इकडे!"

पाऊण तास. तीन शर्यती. सतरा बोटी, आणि प्रत्येकीला सल्ला.

विनीने शांतपणे दुर्बीण त्याच्या हातातून काढून घेतली.

"ऑरिन, तुझी बोट अजून विकलेली नाही ना?"

"नाही. का?"

"पुढच्या रविवारी उतरव. तू पाण्यात पडलास तर चौघं बाहेर काढतील. इथे राहिलास तर मीच ढकलेन, आणि काढायला कोणाला बोलावणार नाही."