कोडी घालणारा सासरा

“आमची शुभी काय पेपरातली पुरवणी हाय व्हय? कुणीबी यावं आन् कोडी सोडवत बसावं!” राजूनं चहाचा कप आपटला.

“कप फोडू नगंस,” त्याचे वडील हैबतराव म्हणाले. “आन् नववीतनं शाळा सोडल्याल्यानं अकलेवर बोलू न्हाई.”

भांडण शुभांगीच्या बघण्यावरून चाललं होतं. तसा नवरा मुलगा बाहेरचा नव्हताच. हैबतरावांनी नेरे गावात रस्त्याकडेला खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या वरच्या खोलीत मनीष भाड्यानं राहायचा आणि हिंजवडीला कंपनीत जायचा. तो शुभांगीला पसंत होता. शुभांगी त्याला पसंत होती. भाडं वेळेवर यायचं, म्हणून हैबतरावांनाही तो पसंत होता. राहता राहिले मनीषचे वडील, विठ्ठलराव. ते वाशिमकडे मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाल्यापासून शब्दकोडी रचत होते. माणसाची बुद्धी मोजायला कोड्यासारखं माप नाही, असं त्यांचं ठाम मत. मुलगी बघायला गेले की ते आधी तीन कोडी घालायचे. तिन्ही सुटली तरच पोह्यांना हात लावायचे.

“म्हंजी पोहे वाया जाणार,” राजूची आई रंभाबाई म्हणाली.

शुभांगीनं डोळ्याला ओढणी लावली. “मला न्हाई येत रं कोडीबिडी. मनीषनी मोबाइलवर एक घातलं, तर मी त्याच्यावरच चिडले.”

बहीण रडायला लागली की राजूला कुणाला तरी हाणावंसं वाटायचं. विठ्ठलराव हाताशी नव्हते, म्हणून त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि शेजारचं घोटावडं गाव गाठलं. मनीषनं घरी शुभांगीचं नाव काढायच्या आधी विठ्ठलरावांनी तिथली रजनी नावाची मुलगी बघून नापास केली होती, हे त्याला माहीत होतं.

रजनी ओट्यावर बसून पीठ चाळत होती.

“ताई, त्या वाशिमवाल्यांनी तुला काय काय इचारलं गं?”

“तुला रं कशाला पायजे?”

“आता आमच्या शुभीला बघाय येणार हायेत.”

रजनीचा हात थांबला. “शंभर डोळे तरी आंधळी, पोटात पाणी ठरंना. सांग, काय?”

“अननस?” राजू म्हणाला.

“ही!” तिनं चाळणी त्याच्या नाकाला लावली. “रोज हातात घेते मी ही! बी.एस्सी. झालीया, आन् त्या म्हाताऱ्यानं मला चाळणीवर नापास केलं. माझ्या मावसबहिणीला बी हीच तीन घातली व्हती. बदलत बी न्हाई मेला!”

तिन्ही कोडी तिनं उत्तरांसकट सांगितली, वर चहाही पाजला. पेपर फुटला.

राजूनं ते फक्त शुभांगीला सांगितलं होतं. पण शुभांगी घाबरून उत्तरांची अदलाबदल करायची, म्हणून घोकून घ्यायला आई बसली. आई भाकऱ्या थापायला उठली की हैबतराव बसायचे. शेजारच्या धोंडाबाई विरजण न्यायला आल्या, त्या शेवटच्या कोड्याला बसूनच राहिल्या. रविवार उजाडेपर्यंत घरात कुणी झोपेत बडबडलं तरी उत्तर बरोबर यायचं.

रविवारी विठ्ठलराव आले. पोह्यांची बशी त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

“बाळ, पहिलं कोडं. शंभर डोळे...”

“चाळणी!” आतून रंभाबाईंचा आवाज आला.

“वहिनी, प्रश्न मुलीला होता,” विठ्ठलराव म्हणाले. “असो. दुसरं. खाईल तेवढा वाढतो, पाणी प्याला...”

“इस्तू,” हैबतराव बोलून गेले आणि लगेच छताकडे बघायला लागले. उत्तर त्यांच्या तोंडात कधीचं येऊन बसलं होतं.

विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला. “विस्तव, बरोबर. आता तिसरं. दोन आया, दोन लेकी, भाकऱ्या तीन. तरी प्रत्येकीला अख्खी...”

“आजी, आई आन् नात!” दारात विरजणाची वाटी घेतलेल्या धोंडाबाई म्हणाल्या.

शुभांगीनं अजून तोंड उघडलं नव्हतं. आता सगळं फिसकटलं, असं राजूला वाटलं. पण विठ्ठलरावांचे डोळे पाणावले होते.

“आयुष्य शाळेत गेलं, पण असं घर पाहिलं नाही. शेजारीणसुद्धा!” ते म्हणाले. “मुलीला काय विचारायचं? इथल्या पाण्यातच बुद्धी आहे.”

एवढ्यावर गप्प बसला असता तर राजू सुटला असता. पण चाळणीवर नापास झालेली रजनी आठवली आणि त्याचं डोकं फिरलं.

“अवो, त्यात कसली बुद्धी? उत्तर ठावं असलं की शेंबडं पोर बी सांगतंय. न्हाई ठावं त्याला तुमी मठ्ठ म्हणताय. हे माप हाय व्हय?”

विठ्ठलरावांनी चष्मा परत चढवला.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई.”

“कितवीत आहेस?”

“नववीत सोडली.”

“सोडली!” विठ्ठलराव उभेच राहिले. “अहो, कोड्यांमधली ही त्रुटी मला इतक्या वर्षांत दिसली नाही. आणि हा मुलगा घरी बसलाय? हैबतराव, लग्न पक्कं. पण याची दहावी झाल्यावर. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरा. मी मनीषच्या खोलीत मुक्काम टाकतो आणि याला स्वतः शिकवतो.”

आणि त्यांनी पोह्यांची बशी ओढली.

पेपर फुटला होता, हे सांगायला राजूनं तोंड उघडलं. रंभाबाईंनी त्यात पेढा कोंबला.

आता विठ्ठलराव वरच्या खोलीत असतात. मनीष बाहेरच्या पॅसेजमध्ये झोपतो, पण तक्रार करत नाही. परवा राजू घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळायला सटकला, तिथं दोस्त दिग्विजयनं त्याला गाठून सगळं ऐकून घेतलं.

“मग सांगून टाक की, तू लई हुशार बिशार न्हाईस म्हणून.”

“सांगितलं तर शुभीचं लगीन मोडतंय. न्हाई सांगितलं तर बीजगणित. पास झालो तर म्हातारा म्हणतोय, आता बारावी. नापास झालो तर शुभी जीव घेतीया. सांग, काय करू?”

दिग्विजयनं बॅटवर हनुवटी टेकवली.

“लई अवघड हाय रं. ह्याचं उत्तर...”

“राजूऽऽ!” गच्चीवर शुभांगी उभी होती. एका हातात वही, दुसऱ्यात लाटणं.

“ऱ्हाऊ दे,” राजू म्हणाला, “मला निघाय पायजे आता.”