विद्यापीठी शिष्य-आचार्यांची पारख जाहली त्याची हकीकत

श्रीवाग्देवीचे चरणी मस्तक ठेवोन लिहिणे ऐसे जे, शके १६४१ विकारी नाम संवत्सरी मार्गशीर्षमासी एका राज्याचे थोरले विद्यापीठी अघटित वर्तले, ते येणेप्रमाणे.

तेथे नागनाथशास्त्री ज्योतिषाचे आचार्य. शास्त्रीबुवांनी सांगावे आणि शिष्यांनी ऐकोन मुखोद्गत करावे, हीच रीत. परंतु विसाजी नामे शिष्य, त्यास ग्रहणप्रकरण वर्षभर सांगितले तरी डोकीत शिरेना. मग शास्त्रीबुवांनी "हा मठ्ठ, यास दवडावा" ऐसे महाराजांस विनविले. महाराज बोलिले, "आधी पारख करवू," आणि विदुषी सगुणाबाईंस पाठविले, की कोण कानाने शिकतो, कोण डोळ्यांनी, कोण हातांनी, हे शिष्यांचे आणि आचार्यांचेही पाहावे.

बाईंनी विसाजीस पुशिले, "दर पौर्णिमेस ग्रहण का लागत नाही?" तो पाठ केलेले शब्द उलटसुलट बोलो लागला. मग बाईंनी दारे लावविली, सूर्याचे ठायी समई ठेविली आणि मातीचे दोन गोळे त्याचे हाती दिले. विसाजीने एक गोळा भूमी केला, दुजा चंद्र करोन तिचे भोवती फिरविला, तो दर फेरीस छायेत बुडे; मग वाट किंचित कलती धरिली, आणि एकाएकी ओरडला, "बाई, चंद्राची वाट कलती आहे! छायेचे वरून नाही तर खालून निसटतो!" शास्त्रीबुवांचे तोंडचे पाणी पळाले.

मग आचार्यांची पाळी. बाईंनी अपरिचित प्रकरण वाचोन दाखविले, तो शास्त्रीबुवांस दोन ओळी सांगवेनात. तेच आकृती काढोन दाखविले, तो घडघडा उलगडिले. बाई बोलिल्या, "शास्त्रीबुवा, आपण डोळ्यांनी शिकता, आणि शिष्यांस नुसते कान मागता?"

 शास्त्रीबुवांस आजवर दवडिलेल्या शिष्यांची मुखे डोळ्यांपुढे उभी राहिली. विसाजीस ठेवोन घेतले, आणि पहाटेस स्वतः गिरमाजीचे गावी गेले. हा पूर्वी दवडिलेला, आता गुरे राखीत होता. शास्त्रीबुवा हात जोडोन बोलिले, "गिरमाजी, चूक माझी. परत चल."

गिरमाजी घाबरोन पाया पडला. "ऐसे न बोलावे, गुरुजी. मीच मठ्ठ. आपणच तर सांगितले होते."

हे ऐकोन शास्त्रीबुवांचे अंगी जणू वीज पडली. 

सारांश, नागनाथशास्त्र्यांचे इतके सांगणे जाहले, त्यांतील गिरमाजीने एक शब्द मात्र चोख पाठ केला. वर्तमान घडले तैसे लिहिले.